ओठांचं बोलणं

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चितेगावजवळच्या सूतगिरणीतली वीज गेली आणि रिंगखात्यातले सूत कातणारे सगळे साचे थांबले. वीज अर्ध्या तासाने परत आली. कुणाला इजा झाली नाही. सूत बरंच तुटलं, ते पाळी संपायच्या आत सांधून झालं. गिरणीच्या लेखी त्या सकाळी एवढंच घडलं, आणि ते खरंही होतं. साचे एका झटक्यात थांबले असं बोलायची पद्धत आहे, पण ते तसे थांबत नाहीत. वीज गेली तरी सूत गुंडाळणाऱ्या चात्या आपल्याच वेगाने फिरत राहतात. मग आवाज वरून खाली उतरू लागतो, किंचाळीचा घोंगावा होतो, घोंगाव्याची कुजबुज होते आणि शेवटी तीही जमिनीत मुरते. एवढ्या अवधीत सावध बाई तोंड मिटते. रूपाने मिटलं नाही. तिच्या कानांत कापसाचे बोळे होते, ती साच्याखाली वाकून गुरफटलेलं सूत ओढून काढत होती, आणि दिवे गेलेले दिसले तरी छताच्या काचांतून येणारं ऊन तसंच असल्यामुळे ते तिच्या मनावर उमटलं नाही. ती बोलत होती ती बोलत राहिली, साच्याच्या वर चढवायला लागतो तेवढ्या आवाजात.

"मर की रे म्हाताऱ्या," ती म्हणत होती. "मर एकदाचा. सोड मला."

शेवटचे दोन शब्द तिला स्वतःला ऐकू आले. दुसऱ्याच कुणा बाईने म्हटल्यासारखे, समोरच्या भिंतीला लागून परत आलेले. नऊ वर्षांत या खात्यात तिने आपला आवाज कधी ऐकला नव्हता. तो तिला वाटलं होतं त्यापेक्षा जाड निघाला. ती उठून उभी राहिली. हवेत कापसाचे तंतू होते. एरवी पंख्यांच्या ओढीने ते कुठे ना कुठे चाललेले असतात. आता ओढ गेली होती आणि ते उन्हाच्या पट्ट्यात जागच्या जागी थांबले होते. बायकाही तशाच थांबल्या होत्या, तोंडं तिच्याकडे करून. मग सारजाबाई, जी गिरणीत सगळ्यांत जुनी होती आणि कुठल्याच साहेबाला बधत नव्हती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोणचा म्हातारा गं रूपे? एकटाच चाललाय का? आमचा बी घेऊन जा म्हणावं संगतीनं." अख्खं खातं हसलं. त्या हसण्यात डंख नव्हता, जरा सुटका होती. रूपाही हसली. चार साच्यांपलीकडे मोनिका बॉबिनांची गाडी धरून उभी होती. ती हसली नाही. मोनिका रूपाची धाकटी नणंद, आणि म्हातारा मोनिकाचा बाप.

रिंगखात्यातल्या बायका दोन प्रकारे बोलतात. एकमेकींशी बोलायचं तर आवाज काढण्यात अर्थ नसतो. ओठ मोठे हलवायचे, भुवया आणि हात जोडीला घ्यायचे, आणि दोन साच्यांपलीकडची बाई ते वाचते. भाजी काय आणली, साहेब कुठवर आला, पोरीचं जमलं का, सगळं ओठांनी. हे पहिलं बोलणं. दुसरं बोलणं एकटीचं असतं. साच्याकडे तोंड आणि खात्याकडे पाठ करून, भरल्या गळ्याने, जे बाहेर कुठेही म्हणता येत नाही ते बाई साच्याला म्हणते. आवाज तिच्या तोंडाबाहेर वीतभरही जात नाही, साचा तो तिथंच खाऊन टाकतो. कुणी शिव्या देतं, कुणी गाणं म्हणतं. सारजाबाई आपल्या मेलेल्या पोराशी बोलते असं सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाठ फिरवलेल्या बाईच्या पुढे जाऊन तिचे ओठ बघायचे नाहीत, एवढा शिष्टाचार नवीन आलेल्या पोरीही आठवड्यात शिकत. तो कुणी शिकवत नसे. रूपाचं एकटीचं बोलणं गेल्या दिवाळीपासून एकाच वाक्यावर येऊन ठेपलं होतं. आधी ते वेगळं होतं. आधी ती साच्याला नणंदेच्या कागाळ्या सांगायची, नवऱ्याच्या सांगायची, माहेरच्या विहिरीवरचं काहीबाही आठवून म्हणायची. मग एकेक गोष्ट गळत गेली.

दिवाळीच्या तोंडावर सासऱ्याला, कडुबाला, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात आणि डोळे राहिले. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याचं करायचं कुणी, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही, आणि म्हणून त्याचं उत्तरही कुणाला द्यावं लागलं नाही. सासू मालनबाईच्या हातांत बळ नव्हतं. नवरा राजकुमार चिकलठाण्याच्या कंपनीत कंत्राटावर होता. तो सकाळी बापाला उचलून कुशीवर करायचा आणि मग खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा. बापाला तसं बघवत नाही म्हणायचा, आणि ते खरं होतं, त्याचे डोळे भरलेले असत. मोनिका सासर सोडून आलेली. ती त्याच खोलीत खाली अंथरूण टाकून झोपायची, रात्री उठायची, पण अंगाला हात लावायची वेळ आली की दादा लाजतेत म्हणून बाजूला व्हायची. तेही खरं होतं. लेकीसमोर लाजणारा माणूस सुनेसमोर का लाजत नव्हता, याचा विचार रूपाने पहिल्या महिन्यात केला, नंतर सोडून दिला. लाजत असेल. उघडं अंग पुसलं जात असताना तो छताकडे बघायचा. पहाटे कामाला जाण्याआधी एकदा, चारला आल्यावर एकदा, रात्री एकदा. तिच्या बोटांना तो वास राहायला लागला. डेटॉलचा नव्हे, डेटॉलच्या खालचा. डब्यातली भाकर मोडतानाही तो असायचा. सहावीतली लेक पलीकडच्या खोलीत दार लावून अभ्यास करायची आणि जेवायला बोलावलं की नाकाने श्वास न घेता यायची, आणि पोरीचं ते तोंड उघडं ठेवून येणं रूपाला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि आता आठवडा होत आला, कडुबा जेवत नव्हता. आधी पेज अर्धी टाकली. मग चमचा ओठांना लावला की दात आवळू लागला. डॉक्टर म्हणाले, या आजारात गिळण्याची ताकद जाते, असं होतं. येत्या दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, पण या वयात, या छातीला, नळीचाही भरवसा देता येत नाही. राजकुमारने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा रूपाच्या अंगावर काटा आला नव्हता. तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं होतं, डोक्यावरची पाटी कुणी हात देऊन उतरवावी तसं, आणि पाठोपाठ तिला भीती वाटली होती की हे उतरणं कुणाला दिसलं का. दिसलं नव्हतं. आता अकरा वाजून दहा मिनिटांनी ते चाळीस बायकांना ऐकू आलं होतं, आणि त्यांतली एक तिच्याच घरात राहत होती.

वीज आली. साचे पुन्हा चढले, आवाज भरत गेला, आणि रूपाला इतकी वर्षं जे पांघरुणासारखं वाटायचं ते आज वाटेना. तोंड मिटून ती सूत सांधत राहिली. दात दातांवर. खात्याचा साहेब विश्वजीत, कॉलेजातून नुकताच आलेला पोरगा, जाता जाता थांबला आणि बरं वाटत नसेल तर घरी जा म्हणाला. ती म्हणाली, घरी कशाला. जेवणाच्या सुट्टीत मोनिका तिच्या शेजारी बसली नाही. नळाजवळ उभ्यानेच दोन घास खाऊन परत गेली. सारजाबाईने आपल्या डब्यातला ठेचा रूपाच्या भाकरीवर ठेवला आणि नणंदेकडे हनुवटीने खूण करून विचारलं, सांगंल का घरी? रूपाने खांदे उडवले. मोनिका काय करील हे तिला सांगता आलं नसतं. एका घरात राहणाऱ्या, एका बसने जाणाऱ्या, एका खात्यात राबणाऱ्या बाईबद्दल तिला काहीच सांगता आलं नसतं. राजकुमारला कळलं तर तो ओरडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तो बाहेर जाऊन उभा राहील. मालनबाई रडेल. आणि उद्या पहाटे पाच वाजता पाण्याची बादली पुन्हा रूपाच्याच हातात येईल, फक्त ती वाक्यासकट येईल. पुढे म्हातारा गेला तर ते वाक्य मयताला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या आधी दारात येऊन बसेल. जगला तर रोज सकाळी उठेल.

तिला बोलायला शिकवलं ते कडुबानेच. आज ते आठवायचं नव्हतं, पण हात आपोआप चालत असले की मनाला कुठे बांधून ठेवणार. जालन्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती पुंडलिकनगरच्या मागच्या गल्लीतल्या या दोन खोल्यांत आली तेव्हा कडुबाचे कान केव्हाच गेले होते. शहरातल्या जुन्या कापडगिरणीत तरुणपण घालवलेला माणूस. तिथले माग विलायतेहून आलेले, दोन महायुद्धांच्या मधले, प्रत्येकाच्या लोखंडावर ज्या गावात तो घडला त्या गावाचं नाव ओतलेलं. कडुबाला इंग्रजी येत नव्हतं, पण ती नावं यायची, आणि मागांना तो त्याच नावांनी ओळखायचा. बर्नली खोडकर. ब्लॅकबर्न गरीब, मार खाऊन चालणारं. ओल्डहॅमवर हवा सुकली की धागा तुटायचा. त्या गावांतल्या बायकाही मागांवर अशाच ओठांनी बोलत, घरी आल्यावरही चुलीपाशी तशाच बोलत, हे त्याला एका म्हाताऱ्या मुकादमाने सांगितलं होतं आणि त्याने ते खरं धरलं होतं. इतक्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या, चिमण्यांच्या धुरातल्या बायका. त्यांच्याबद्दल तो शेजारच्या गल्लीतल्या असल्यासारखा बोलायचा. ती गिरणी बंद पडली, मागांचं भंगार गाड्यांतून गेलं, आणि कडुबाकडे राहिला तो बहिरेपणा.

घरात मालनबाई त्याच्याशी ओरडून बोलायची. पोरं ओरडून बोलायची. ओरडताना माणसाचे ओठ फाकतात आणि ते वाचता येत नाहीत, म्हणून त्याला काहीच कळायचं नाही आणि सगळी चिडायची. नवी सून पदर दातांत धरून हळू बोलायची, तेही कळायचं नाही. एके दिवशी अंगणात तांदूळ निवडत असलेल्या रूपासमोर तो खाली बसला, तिचा पदर तोंडावरून बाजूला कर अशी खूण केली आणि म्हणाला, आवाज काढू नको, नुसती बोल. तिला हसू आलं होतं. सासऱ्यासमोर उघड्या तोंडाने आणि तेही बिनआवाजाचं. पण महिनाभरात त्या दोघांचं एक वेगळंच घर झालं. मालनबाई मध्ये बसून भाजी चिरत असायची आणि तिच्या डोक्यावरून दोघं बोलत असायची, कधी तिच्याबद्दलही, आणि दोघांपैकी एकाला हसू फुटलं की मालनबाई विचारायची, काय झालं, आणि कुणी सांगायचं नाही. सुनेला गिरणीत लावू नका म्हणून मालनबाईने आकांत केला तेव्हा कडुबा रूपाला घेऊन स्वतः फाटकापर्यंत आला होता. आतला आवाज पहिल्यांदा छातीवर आदळला तेव्हा ती माघारी वळली. कडुबा तारेपलीकडे उभा होता. हात न हलवता तो नुसत्या ओठांनी म्हणाला, भिऊ नको, तो आवाज तुझा नाही. या माणसाला ती मर म्हणत होती. ते खोटंही नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या, हीच अडचण होती. एक खोटी असती तर दुसरी उचलून चालायला लागता आलं असतं.

पाळी तीनला सुटली. बस पैठण रोडच्या रुंदीकरणात अडकत अडकत निघाली. खिडक्यांतून धूळ येत होती, बायकांनी ओढण्या नाकावर घेतल्या होत्या, ड्रायव्हरने लावलेलं गाणं इंजिनाच्या आवाजात अर्धंच ऐकू येत होतं. मोनिका पुढच्या सीटवर बसली होती. महानुभाव आश्रमाच्या चौकात गाडी जाम झाली तेव्हा ती उठली, मागे आली आणि रूपाच्या शेजारी, पुढच्या सीटचा दांडा धरून बसली. ओढणी तोंडावरून खाली केली. आणि मान वळवून, रूपाच्या डोळ्यांत बघत, ओठांनी बोलायला लागली. भरल्या बसमध्ये घरचं बोलायचं तर त्या दोघी अशाच बोलत.

"मी बी म्हणते," मोनिका म्हणाली. "तू म्हनलीस तेच. माझ्या बापाला. रोज."

 रूपाला वाटलं, संपलं, सुटले. या पोरीला मिठी मारावी असं तिच्या हातांना वाटलं आणि हात उचललेही गेले. पण मोनिकाचे ओठ थांबले नव्हते.

"पण मी खात्यात म्हणते. घरी येते तवा ओठ आवळून धरते. सांजच्याला दात ठणकतेत माझे." तिने रूपाच्या ओठांकडे पाहिलं. "तू घरी बी म्हणतीस, वहिनी."

"घरी मी कधी तोंडातून काढलं नाय," रूपा म्हणाली. हे तिने आवाजात म्हटलं. पुढच्या सीटवरची बाई वळली.

"आवाज नाय काढत तू," मोनिका तशीच, बिनआवाजाची म्हणाली. "ओठ हालतेत तुझे. त्यांचं करताना. सरळ त्यांच्या तोंडापुढं. मी पाहिलंय. आन् मला वाचता येतं तर दादांना येत नसंल का?"

बस सुटली. धक्क्याने दोघींचे खांदे एकमेकींवर आपटले. बायपासवरचे ट्रक दोन्ही बाजूंनी जात होते आणि रूपा आपल्या ओठांना हात लावून बसली होती, जसं काही ते आत्ताही हलत असतील. ते कोरडे होते, कडेला कापसाचा एक तंतू चिकटलेला. तिने तो काढला. ती घरात बोलते हे तिला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं असं म्हणणंही पुरतं खरं नव्हतं. बादली उचलताना, चादर ओढून काढताना, त्याची टाच ओल्या फडक्याने पुसताना तिच्या तोंडात काहीतरी चाललेलं असायचं, हे तिला आता आठवत होतं. ते तिला चघळण्यासारखं वाटायचं, दातांत अडकलेलं काही जिभेने ढकलत राहावं तसं. आवाज नाही म्हणजे बोललो नाही. नऊ वर्षांत सवयीने हा हिशोब तिच्या आत पक्का बसला होता. गिरणीत आवाज असून कुणी ऐकत नव्हतं, घरी आवाज नव्हता म्हणून कुणी ऐकत नव्हतं. घरातला एकच माणूस असा होता ज्याला आवाजाशी देणंघेणं नव्हतं, आणि ती त्याच्याच तोंडावर वाकून बोलत होती, हातभर अंतरावरून, खिडकीतला उजेड बरोबर आपल्या चेहऱ्यावर घेऊन. कित्येक वेळा तो छताकडचे डोळे काढून तिच्या तोंडाकडे बघायचा. तिला वाटायचं, त्याला काहीतरी हवंय. पाणी हवंय.

तिने मोनिकाचा हात धरला आणि विचारलं, आधी का नाही सांगितलंस. मोनिकाने तोंड खिडकीकडे फिरवलं. बस आत वळली, गल्ल्या लहान झाल्या, कुणाकुणाचे थांबे आले, बायका उतरल्या. शेवटी ती वळली.

"दादांना ते माझ्या तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती," ती म्हणाली. "तू सांगत होतीस."

मग तिने ओढणी परत तोंडावर घेतली, म्हणजे पुढे काही बोलायचं नाही. पुंडलिकनगरच्या थांब्यावर ती आधी उतरली आणि घराकडे न जाता दळण आणायला म्हणून गिरणीवाल्याकडे वळली. रूपा एकटीच चालू लागली. वाटेत तिने दिवस मांडून पाहायचा प्रयत्न केला. त्याने पेज टाकली त्या सकाळी तिचे ओठ हलले होते का? आदल्या रात्री? तो आजारामुळे जेवत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गिळण्याची ताकद जाते. हे शक्य होतं, डॉक्टरला खोटं सांगण्याचं कारण नव्हतं. दुसरंही शक्य होतं. सून मर म्हणते आहे, हे रोज तीन वेळा वाचून एखाद्या माणसाने तिचं ऐकायचं ठरवलं असणं. तिचं तो नेहमीच ऐकत आला होता. या दोन शक्यतांमधला फरक कशाने कळेल हे तिला समजेना. विचारून कळलं असतं. पण विचारायचं तर त्याने तिच्या तोंडाकडे बघायला हवं.

दारात मालनबाई पाय पसरून बसली होती. तिने सांगितलं की सकाळपासून अर्धा कप चहासुद्धा गेला नाही, राजकुमार दुसऱ्या पाळीला गेला, जाताना म्हणाला उद्या सकाळी नळीसाठी न्यायचं. मग उठता उठता, गुडघा धरून, सहज म्हणाली, "आत्ता तर डोळे उघडे व्हते बघ. मी शेजारी बसले व्हते तवा टकाटका बघत व्हता. तू आली की झोपतोय. गुण हाय तुझ्या हाताला." तिला हे कौतुकाने म्हणायचं होतं.

रूपाने चप्पल काढली. पाय धुतले. आतल्या खोलीच्या दारात ती उभी राहिली तेव्हा तिची सावली पलंगाच्या पायथ्यावर पडली. कडुबाचे डोळे मिटलेले होते. घट्ट नव्हे, झोपलेल्या माणसाचे असतात तसे, पण पापण्यांखाली बुबुळं हलत होती. तिने पेज गरम करून वाटी आणली आणि स्टुलावर बसली. खिडकीतून चारचं ऊन येत होतं. त्याची दाढी वाढली होती, गाल आत गेले होते, तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. पूर्वी सकाळी तो याच पलंगावर बसून वंदना म्हणायचा, तीही आवाजाविना, कारण स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस तो काढायचं विसरतो. आणि ती चहा करताना त्याच्या ओठांवरून ओळी वाचून मनात पुढची ओळ म्हणायची. लकव्यानंतर काही दिवस अर्धे ओठ तसे हलत असत. ते कधी थांबले हे तिच्या लक्षात नव्हतं.

ती वाक्यं शोधू लागली. मी तसं म्हणत नव्हते. हे खोटं. म्हणत होते पण मनापासून नव्हतं. हेही खोटं, रोज दुपारी साच्यापुढे भरल्या गळ्याने ती ते मनापासूनच म्हणत होती. रागात निघालं. राग नव्हता. मामा, जेवा. हे तर ती रोज म्हणत आली होती, त्या दुसऱ्या वाक्याच्या मागोमाग, त्याच ओठांनी, आणि त्याने दोन्ही वाचून त्यांतलं एक निवडलं होतं, किंवा निवडलं नव्हतं. मग तिला कळलं की वाक्य सापडलं तरी ते पोचवायला वाट नाही. हा माणूस डोळे मिटून होता. त्याच्यापुढे गिरणीतल्यासारखं ओरडलं तरी गल्ली गोळा झाली असती, त्याला ऐकू गेलं नसतं. डॉक्टर अंगठ्याने पापणी वर करतात तशी करावी, असं तिच्या मनात आलं. तिचा अंगठा गेलाही तिथवर. पापणी ऊन लागून गरम होती. तिने हात मागे घेतला. आयुष्यात त्याच्याकडे एवढी एकच झडप उरली होती, तीही आपण उचकटून काढायची का, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की हे वाटणं सोयीचं आहे.

बाहेर मोनिका आली. पिठाचा डबा ठेवल्याचा आवाज झाला, मालनबाई काहीतरी म्हणाली. मोनिका आतल्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. रूपाने वळून पाहिलं नाही. तिने वाटी खाली ठेवली, कडुबाचा डावा हात अंथरुणावरून उचलला आणि त्याची बोटं आपल्या ओठांवर ठेवली. हे तिने ठरवलं नव्हतं. बोटं जड होती, टोकांना जुने घट्टे होते. हात त्याने मागे घेतला नाही. ती ओठ उघडणार होती. पहिलं अक्षर कुठलं असेल हे अजून तिला ठाऊक नव्हतं, आणि तोंड उघडलं की तेच जुनं वाक्य सवयीने बाहेर येईल, या भीतीने तिने श्वास धरला. तेवढ्यात बोटांनी किंचित दाब दिला. ओठांवर, सरळ, मोजून दिल्यासारखा, आणि तो दाब तसाच राहिला.

बोल म्हणून की बोलू नको म्हणून, ते तिला कळेना. दारातल्या मोनिकालाही कळलं नसावं. तिने हलक्या आवाजात विचारलं, काय म्हणतेत? रूपा हलली नाही. कडुबाचे डोळे मिटलेलेच होते. पाच वाजत आले होते. पेजेवर साय धरली होती आणि त्यातला एकही चमचा अजून गेलेला नव्हता.